अप्पांचा पाय आणि कंबरमोडीचा पाला

जखमेवर पाला बांधून कुणी आमच्या लॅबमध्ये आलं की माझं डोकंच फिरतं. मी नांदेडात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, पू, जे येईल ते तपासायचं. परवा बिलोलीकडची एक बाई आली. पोटरीवर चिंधी, चिंधीखाली हिरवा चोथा. "कुणी सांगितलं हे बांधायला?" मी एवढ्यानं ओरडले की बाहेर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. बाई बिचारी घाबरून म्हणाली, "मोबाईलवर आलतं मॅडम. कालेजात शोध लागलाय म्हणं." मी हातमोजे काढून फेकले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. रिसेप्शनवरच्या मुलीनं तिला पाणी दिलं, माझ्या वतीनं माफीही मागितली.

माझ्या वडिलांना उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तो कसा गेला, त्यात कुणाकुणाचा हात आहे, ते मला एकदाचं सांगून टाकायचं आहे. त्यात माझा स्वतःचाही आला.

मी लातूरच्या एका कॉलेजात पीएचडी केली. विषय होता औषधी वनस्पतींच्या पानांतली जंतुनाशक द्रव्यं. माझ्या वाट्याला आली कंबरमोडी. बांधावर, रस्त्याच्या कडेला, एसटी स्टँडच्या भिंतीला, कुठंही उगवते ती. बारीक लांब दांडी आणि टोकाला पिवळं-पांढरं फूल. आमच्याकडं लहानपणी गुडघा फुटला की कुणीतरी तिचा पाला चोळून त्यावर पिळायचं. झोंबायचं, आपण बोंबलायचो, रक्त थांबायचं. त्यामुळं विषय मिळाला तेव्हा मला आनंदच झाला. म्हटलं, चला, आपल्या घरचंच काहीतरी आहे.

काम कसं असतं ते थोडक्यात सांगते. पाला सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, मिथेनॉलमध्ये भिजत घालायचा. मिथेनॉल म्हणजे एक प्रकारचं स्पिरीटच. पाल्यातली द्रव्यं त्यात उतरतात. काचेच्या ताटलीत जेली ओतायची, तिच्यावर जंतू पसरायचे, जेलीला छिद्रं पाडायची आणि एकेका छिद्रात तो अर्क भरायचा. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतू वाढलेले दिसतात. अर्कात दम असेल तर छिद्राभोवती गोल स्वच्छ जागा राहते. ती पट्टीनं मोजायची. जागा जेवढी मोठी तेवढा पाला गुणी. आणि एक छिद्र कंट्रोलचं असतं. त्यात पाला घालायचा नाही, पाला ज्यात भिजवला ते नुसतं द्रावण घालायचं. म्हणजे जंतू मारले ते पाल्यानं की द्रावणानं, हे कळतं. शाळेतल्या पोरालाही पटेल अशी ही गोष्ट आहे.

आणि आमच्या डिपार्टमेंटमध्ये वर्षानुवर्षं त्या कंट्रोलच्या छिद्रात पाणी घालत होते. डिस्टिल्ड वॉटर!

कामून? तर फाईलमध्ये तसं लिहिलं होतं. आमच्याकडं एक फाईल पेनड्राइव्हमधून सीनियरकडून ज्युनियरकडं यायची. कामाची पद्धत लिहिलेलं अख्खं प्रकरण त्यात तयार असायचं. झाडाचं नाव बदला, बाकी सगळं तेच. ज्यानं कुणी ती पहिल्यांदा लिहिली त्यानं पाल्याचा पाण्यात काढा केला होता, म्हणून त्याच्या कंट्रोलमध्ये पाणी. त्याचं बरोबरच होतं. त्याच्यानंतर लोक मिथेनॉलवर आले, पण कंट्रोलची ओळ कुणी बदलली नाही. अर्क पूर्ण सुकवून त्यातलं स्पिरीट उडवून द्यायचं असतं, तेही होत नव्हतं, कारण लाईट सारखी जायची आणि अर्क तापवायचा वॉटर बाथ गार पडायचा. अर्धवट ओला अर्क तसाच छिद्रात जायचा. म्हणजे एका बाजूला स्पिरीट, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि जिंकला कोण? पाला! कडुनिंब जिंकला, अडुळसा जिंकला, बेल जिंकला. बेलावरच्या एका प्रबंधात एका पानावर तर अडुळशाचं नाव तसंच राहिलं होतं. त्यावर परीक्षकाची सही होती.

मीही पाच वर्षं तेच केलं. मी काही आकाशातून पडले नव्हते.

मला कळलं ते पाण्यामुळं. लातूरला नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला नळ सतत वाहता लागतो. दिवाळीनंतर दोन आठवडे यंत्र बंद पडलं. बाटलीतलं पाणी संपलं. शेवटच्या ताटल्या लावायच्या होत्या, छिद्र रिकामं ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी हाताशी होतं ते नुसतं मिथेनॉल कंट्रोलमध्ये भरलं. खरं तर तेच बरोबर होतं, आणि ते मी अडलं म्हणून केलं. दुसऱ्या दिवशी ताटली उघडली. पाल्याच्या छिद्राभोवती स्वच्छ जागा होती. आणि कंट्रोलच्या छिद्राभोवतीही होती. जवळजवळ तेवढीच.

 मग मी अर्क ताटात पसरून चार दिवस पूर्ण सुकवला, जंतूंना फारसा त्रास न देणाऱ्या दुसऱ्या द्रावणात विरघळवला आणि पुन्हा ताटल्या लावल्या. पाल्यात काहीच नाही असं मी म्हणत नाही. टॅनिनं, फ्लेव्होनॉइडं अशी द्रव्यं आहेत. एका जंतूवर बारीकशी कड दिसली. पण स्यूडोमोनास नावाचा जो खट जंतू आहे, मुरलेल्या जखमांत हमखास सापडणारा, ताटली हिरवी करणारा, त्याच्यावर शून्य. छिद्राच्या काठापर्यंत तो मजेत वाढला होता. आणि माझ्या प्रबंधात सगळ्यात मोठा आकडा त्याच्याच समोर होता.

सरांकडं गेले. सर म्हणजे माझे गाइड. ताटल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, झाकण बंद केलं आणि म्हणाले, "थिसिस टाईप झाला ना?"

"झालाय सर, पण हे..."

"मग झालं तर. तू आता लई हुशार झालीस का?"

"सर, कंट्रोल चुकलाय. आपल्या सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा!" ते हसले. "म्हणजे सगळ्यांच्या डिग्र्या परत मागवायच्या? का माझीच नोकरी घालवायचीय? अगं, पाल्यानं कुणी मरतं का? झाडपाला आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान नाही. जा, बाइंडिंगला टाक."

मी बाइंडिंगला टाकला. माझ्या हातानं टाकला. पाच वर्षं गेली होती, घरचे वाट बघून राहिले होते, नोकरीचे फॉर्म भरायचे होते. कारणं हवी तेवढी आहेत. आज त्यातलं एकही तोंडातून काढायची लाज वाटते.

होळीच्या आसपास तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले आणि दोन दिवसांनी पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर बातमी. "कंबरमोडीचा पाला जखमेवर रामबाण, लातूरच्या संशोधिकेचा शोध." फोटोत सर मधोमध, मी कडेला. रामबाण हा शब्द माझ्या प्रबंधात कुठंही नाही. सरांनी दिला की वार्ताहरानं घातला, देव जाणे. मी सरांना फोन केला तर म्हणाले, "पेपरवाले लिहितात गं. कॉलेजचं नाव होतंय की."

अप्पांचं औशाला मेन रोडवर किराणा दुकान आहे. पहाटे उठून आंघोळ, कपाळाला भस्म, लिंगपूजा, मग दुकान. पूजेआधी पाण्याचा थेंब घेणार नाहीत. अशा शिस्तीच्या माणसानं ती बातमी कापली, लॅमिनेट केली आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावली. मी रविवारी घरी गेले तर मला हाताला धरून दुकानात नेलं. "बग. समद्या औशात फिरलीय ही बातमी." मी बघितलं. तेव्हा सांगायचं होतं. तिथंच, गूळ-शेंगदाण्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून सांगायचं होतं की अप्पा, हे खोटं आहे, काढा ते. पण त्यांचं तोंड एवढं फुललं होतं! गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "खरंच गुण येतो का बाई ह्या पाल्याचा?"

अप्पा माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "हो, गुण आहे त्यात."

थू माझ्या जिनगानीवर.

उन्हाळा सरता सरता तेलाच्या डब्याचा पत्रा अप्पांच्या पायाला लागला. अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं लांब चीर. अप्पांना दहा वर्षांपासून शुगर. पायाची बोटं बधिर, दुखलं तर कळत नाही. त्यांनी दवाखाना केला नाही. दुकानामागच्या पडीक जागेत कंबरमोडी रग्गड. रोज पूजा झाली की ताजा पाला आणायचा, खलबत्त्यात ठेचायचा आणि बांधायचा. आईनं दोनदा म्हटलं, "अहो, डॉक्टरला दाखवा." तर तिला म्हणाले, "घरात डॉक्टर हाय की. पोरीला बोलू नको. बरं झाल्यावर सांगतो तिला, तुज्याच पाल्यानं केलं म्हणून."

त्यांना मला खुशखबर द्यायची होती. मी रोज सकाळी फोन करायचे. "कसे आहात?" "मजेत हाव. तू जेवलीस का?" झालं.

बाराव्या दिवशी आईनं चोरून फोन केला. मी लातूरहून मिळेल ती गाडी पकडून औशाला गेले. अप्पा पलंगावर बसले होते, अंगात ताप, तरी हसत होते. मी चिंधी सोडायला बसले. चिंधीला हिरवट ओल होती.

"काय नाय गं माय, पाल्याचा रंग हाय तो," अप्पा म्हणाले.

पण मला वास आला. गोडूस, सडक्या द्राक्षांसारखा. तो वास मी पाच वर्षं ताटल्या उघडून हुंगला होता. पाल्याचा हिरवा आणि त्या जंतूचा हिरवा एकमेकांत असे मिसळले होते की घरात कुणालाच काही कळलं नव्हतं. पाला रोज बदलत होता, हिरवं रोज दिसत होतं, आणि अप्पा म्हणत होते, बघा, कसा रस धरलाय. आई शेजारी उभी होती. तिला मी काय सांगणार होते? मी फक्त म्हटलं, "रिक्षा बोलाव. आत्ताच्या आत्ता."

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली. तीन बोटं काळी पडली होती. त्यांनी तोंड वाकडं करून विचारलं, "बारा दिवस हे कुणाच्या सांगण्यावरून लावलं?"

अप्पांना ताप होता, थंडी वाजत होती, पण मान ताठ करून म्हणाले, "माज्या लेकीचा शोध हाय. पेपरात आलाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. दोन दिवसांनी पुवाचा रिपोर्ट आला. स्यूडोमोनास. कागदावर ते नाव वाचायची मला गरजच नव्हती. इंजेक्शनं सुरू झाली होती, पण विष पोटरीपर्यंत चढलं होतं. चौथ्या दिवशी सही घेतली. आईला सही करवेना, मी केली. पाय गुडघ्याखाली कापला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. सर केबिनमध्ये दोन पाहुण्यांना चहा पाजत होते. मी दारातूनच म्हटलं, "सर, पाल्यानं कुणी मरत नाही म्हणाला होतात ना? माझ्या बापाचा पाय गेला."

पाहुणे कप खाली ठेवून बघायला लागले. सर उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागले. मी हात झटकला. "बाहेर बोलू," म्हणाले. मी म्हटलं, "बाहेर कामून? इथंच बोला. कंट्रोलमध्ये पाणी कुणी घातलं? मी ताटल्या आणून दाखवल्या तेव्हा झाकण कुणी लावलं?"

"वडिलांना शुगर होती ना?" सर म्हणाले. "मग पाल्याला दोष देऊ नकोस. शुगरचे पाय जातातच. त्यांनी वेळेवर दाखवायला पाहिजे होतं. शिकलेल्या मुलीचा बाप आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. टेबलावरचा कप उचलून भिंतीवर फेकला. चहाचा ओघळ प्रमाणपत्रांच्या फ्रेमवरून खाली आला. शिपाई धावत आला. आजही लोक सांगतात की ती पोरगी बापाच्या दुःखानं वेडी झाली होती. वेडी! जी काही शुद्ध होती ती त्या दिवशीच होती माझ्यापाशी. नंतर मी विद्यापीठाला सगळं लिहून कळवलं, माझ्या ताटल्यांच्या फोटोंसकट, माझी डिग्री काढून घ्या असंही लिहिलं. उत्तर नाही. आणि ती फाईल अजून फिरते आहे. गेल्या वर्षी तिथून कुणाचा तरी लेख छापून आला, झाड शेवगा, कंट्रोलमध्ये पाणी. वाचून मी जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला.

त्या दिवशी कॉलेजातून मी सरळ दवाखान्यात आले. दुपार होती. औशाहून चार-पाच माणसं अप्पांना बघायला आली होती, दुकानाच्या लाईनीतली. एकानं विचारलंच, "मंग पाल्याचा काही उपेग झाला न्हाई म्हणायचा?"

"पाल्याची चूक न्हाई," अप्पा लगेच म्हणाले. आवाज खोल गेला होता. "मीच पाय टेकवून चाललो. दुकान सोडलं न्हाई. पोरीचं बरोबर हाय, माजंच चुकलं."

माणसं मान हलवत राहिली. त्यातल्या एकाच्या मांडीवर लहान नात होती, तिच्या कोपराला चिंधी बांधलेली. मला दिसलं, चिंधीच्या कडेनं हिरवं होतं. मी उठून ती चिंधी फाडली. खरचटलंच होतं, फार काही नव्हतं. पण पोरगी रडायला लागली, माणसं चपापली, "दवाखान्यात दाखवा हिला, आत्ता," असं मी एवढ्यानं बोलले की नर्स आली. माणसं उठून गेली. आई त्यांच्या मागं माझी बाजू सावरत गेली.

मग मी अप्पांना सांगितलं. स्टूल ओढून बसले आणि एका दमात सांगितलं. छिद्रं, पाणी, स्पिरीट, सरांनी लावलेलं झाकण, सगळं. त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितलं. ते सातवी शिकलेले, पण मापात मारलेलं त्यांच्या लगेच ध्यानात येतं.  त्यांची नजर छताच्या पंख्याकडं होती.

"म्हंजी पाल्यानं काहीच झालं नसतं," ते म्हणाले.

"न्हाई अप्पा."

"हे तुला कवा कळलं?"

मी म्हटलं, "दिवाळीच्या नंतर."

 चादर जिथं सपाट झाली होती तिथं त्यांनी हात ठेवला.

"फोन तर रोज करत होतीस," ते म्हणाले.

"हाव."

अजून काहीतरी विचारतील, शिव्या देतील, एक ठेवून देतील, म्हणून मी वाट बघत बसले. मला ते हवंच होतं. अप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली. तांब्या माझ्या हाताशी होता, त्यांनी तो बघितलाही. मग त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या बायकोला म्हणाले, "ताई, जरा पाणी देता का?"